कॅन्सरच्या गोळ्या, जुलाब आणि घरची नोंदवही

(ऊसविकास अधिकारी, शेतकी विभाग यांजकडून)



या अंकात आडसाली लागणीच्या खतमात्रेवर लिहावयाचे ठरले होते. टिपण तयारही आहे. परंतु गेल्या गळीत हंगामात गटागटांतून फिरताना एक गोष्ट वारंवार कानी आली. अमक्याच्या घरी म्हातारीला कॅन्सरच्या गोळ्या चालू आहेत, तमक्याच्या भावाला सुरू झाल्या आहेत. पूर्वी हा आजार म्हटला की माणूस मुंबईला आणि घरचे लोक धर्मशाळेत, असे चित्र होते. आता पुष्कळ रोग्यांना डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि तीन आठवड्यांनी या म्हणून सांगतात. म्हणजे औषध घरी येते, दवाखाना मात्र तिकडेच राहतो. मधल्या तीन आठवड्यांत काय पाहावयाचे, केव्हा थांबावयाचे, हे घरच्या माणसाला कळले पाहिजे. म्हणून खताचे टिपण मागे ठेवून हा धडा पुढे घेतला आहे.

आम्ही डॉक्टर नाही. आमची पदविका शेतीची. तरीही हा विषय आमच्या घरात घडला, आम्ही त्यात चुकलो, आणि नंतर डॉक्टरांना विचारून विचारून बरेच समजून घेतले. तेवढेच येथे देत आहोत. कोणते औषध किती घ्यावे, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच सांगावयाचे आहे.

आमचे मूळ गाव घाटाखाली, खालापूर तालुक्यात. थोरली बहीण दिली ती कर्जत तालुक्यात. आपल्या बऱ्याच सभासदांचेही पाहुणे-रावळे खोपोली, खालापूर, कर्जत भागात आहेत, आणि घाट उतरून परळच्या टाटा रुग्णालयात किंवा त्यांच्याच खारघरच्या केंद्रात जावयाचे झाले की मुक्काम त्यांच्याकडेच पडतो. तेव्हा हा मजकूर त्या पाहुण्यांनाही वाचून दाखवावा.

भावोजींचे वय त्या वेळी पंचावन्नच्या आसपास होते. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. मुंबईत ऑपरेशन झाले, जखम भरली, आणि उरलासुरला रोग मारण्यासाठी गोळ्यांच्या आठ फेऱ्या घेण्यास सांगितले. गोळीचे नाव कॅपेसिटाबिन. मोठ्या आतड्याच्या, स्तनाच्या, जठराच्या कॅन्सरवर ही गोळी आता पुष्कळ वापरात आहे. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ घ्यावयाची, मग सात दिवस विश्रांती, अशी एकवीस दिवसांची एक फेरी. जेवण झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, अख्खी गिळावयाची. कुटून, विरघळवून द्यावयाची नाही. हे ताईला पाठ होते. कागदावर लिहूनही दिले होते. त्याच कागदावर खाली जुलाबांबद्दलही चार ओळी होत्या, त्या कोणी वाचल्या नाहीत. आम्हीही नाही.

पहिली फेरी सुखाची गेली. थोडी मळमळ, तोंडाला चव नाही, तळहात थोडे लालसर, एवढेच. त्यामुळे सर्वांना वाटले की आपल्या माणसाला औषध मानवले. इथेच पहिली चूक. या गोळीचे जुलाब पहिल्याच फेरीत येतील असे मुळीच नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात मध्यम ते तीव्र जुलाब सुरू होण्याचा मध्य काळ चौतीस दिवसांचा दिलेला आहे. म्हणजे दुसरी फेरी अर्धी होते तेव्हा. कोणाला आधी, कोणाला पुष्कळ उशिरा. आणि आतड्याच्या कॅन्सरसाठी ही एकच गोळी घेणाऱ्या रोग्यांत सुमारे निम्म्या लोकांना कमी-जास्त जुलाब होतात. तेव्हा हे अपवादाने घडते असे समजू नये.

दुसऱ्या फेरीच्या नवव्या दिवशी भावोजींचे पोट बिघडले. मार्च महिना होता. राजनाल्याच्या पाण्यावर त्यांचे उन्हाळी भात उभे होते. माणूस शेतावर जात होता, येत होता. ताईला सांगितले ते "चार-पाच वेळा जावे लागले" एवढेच. खरा आकडा नंतर कळला. दिवसा आठ आणि रात्री चार. कोणी मोजतच नव्हते, आणि त्यांनाही सांगावयाचे नव्हते. का, ते पुढे येईलच.

अकराव्या दिवशी आम्ही भेटीला गेलो. जाताना मोकळ्या हाताने कसे जावे? आपल्याकडे तोडणी चालूच होती. को ८६०३२ चा चांगला पक्व ऊस बांधून नेला, खोपोलीत चरकावर रस काढून कॅन भरला, आणि भावोजींना दोन मोठे ग्लास आग्रहाने पाजले. अशक्तपणा आला आहे, साखर पोटात गेली म्हणजे तरतरी येईल, हा आमचा हिशेब. आमची नोकरीच उसाची. दुसरे काय सुचणार!

त्या रात्री हाल झाले. सकाळी तशातही त्यांनी जेवून गोळी घेतली, पाणी लावायला म्हणून गेले आणि बांधावर चक्कर येऊन पडले. शेजारच्या गड्याने पाहिले म्हणून बरे. दवाखान्यात नेले तेव्हा ओठ सुकलेले, लघवी जवळजवळ बंद, नाडी धावत होती. सलाईन लावताना डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. कधीपासून? दिवसाला किती वेळा? गोळ्या चालू आहेत का बंद केल्या? आम्ही चार माणसे उभे होतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोणालाच देता आली नाहीत, आणि तिसऱ्याचे उत्तर देताना ताईच्या डोळ्यांना पाणी आले.

आता हे असे का होते ते पाहू.

आपण शेतात युरिया टाकतो. उसाला तो जसाच्या तसा फारसा उपयोगी पडत नाही. जमिनीत त्याचे आधी अमोनियात आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर होते, आणि तेव्हा ते पीक घेते. कॅपेसिटाबिनचेही तसेच आहे. गोळी पोटात गेल्यावर यकृतात आणि पुढे गाठीच्या पेशींत तिचे पायरीपायरीने रूपांतर होते, आणि शेवटी तयार होते ते फ्लुरोयुरॅसिल नावाचे जुने, नाणावलेले औषध. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर यांनी १९५७ साली ते पुढे आणले. उंदरांच्या गाठी युरॅसिल हा घटक जास्त ओढून घेतात असे दिसले होते. तेव्हा त्याच घटकात फ्लोरिनचा एक अणू घालून, पेशीची वाढ रोखणारा खोटा घटक त्यांनी बनविला. हे औषध शिरेतूनच द्यावे लागे. गोळीच्या रूपात कॅपेसिटाबिनला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली आणि ते घरोघर पोचले.

औषध वाढणाऱ्या पेशींना मारते. आपण उसात टू-फोर-डी फवारतो तेव्हा रुंद पानाचे तण मरते आणि ऊस राहतो, कारण त्या तणनाशकाला दोन्हींतला फरक थोडाफार कळतो. या औषधाला एवढा फरक कळत नाही. त्याला कळतो तो बहुतेक वाढीचा वेग. जी पेशी भराभर दुभंगते आहे, ती त्याच्या तडाख्यात येते. गाठ भराभर वाढते हे खरे, पण शरीरात आणखी एक जागा तितकीच घाईची आहे, ती म्हणजे आतड्याचे आतले अस्तर. हे अस्तर तीन ते पाच दिवसांत संपूर्ण नवे होते. वरच्या जुन्या पेशी गळतात, खालच्या खळग्यांतून नव्या वर सरकतात. औषधाने खालून येणारा पुरवठा तोडला की वरचे गळत राहते आणि जागा उघडी पडते. अन्न पचवणारे, पाणी शोषणारे बारीक अंकुर खुजे होतात. शोषले न गेलेले पाणी खाली धावते. त्यालाच आपण जुलाब म्हणतो. तोंडाचे अस्तरही असेच जलद बदलणारे, म्हणून तोंड येते.

पण बुडखा शाबूत असेल तर खोडवा फुटतो, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. खळग्यांच्या तळाशी काही पेशी शिल्लक असतात. औषध थांबले की त्या पुन्हा जोमाने दुभंगतात आणि आठवड्याभरात अस्तर बरेचसे भरून येते. फेरीतील सात दिवसांची विश्रांती त्यासाठीच असते. जुलाब चालू असताना गोळीवर गोळी घेत राहिले म्हणजे फुटवा येतो न येतो तोच पुन्हा नांगर घातल्यासारखे होते. शिवाय उघड्या पडलेल्या आतड्यातून जंतू रक्तात शिरतात, आणि त्याच वेळी या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशीही कमी झालेल्या असू शकतात. जुलाबाबरोबर ताप आला तर डॉक्टर एवढे का धावपळ करतात, त्याचे कारण हे आहे.

थोड्या लोकांची गोष्ट आणखी निराळी असते. फ्लुरोयुरॅसिल शरीराबाहेर काढण्याचे काम यकृतातील डीपीडी नावाचे एक विकर करते. काही माणसांत जन्मतःच हे विकर कमी असते. त्यांच्या अंगात नेहमीची मात्राही साचत जाते, आणि पहिल्या फेरीच्या पहिल्या काही दिवसांतच जोराचे जुलाब, तोंडभर फोड, ताप असे सगळे एकदम येते. युरोपच्या औषध संस्थेने २०२० मध्ये हे औषध सुरू करण्याआधी या विकराची तपासणी करण्याची शिफारस केली. आपल्याकडे ती सर्वत्र होतेच असे नाही. डॉक्टरांना विचारण्यास हरकत नाही. पण पहिल्याच आठवड्यात असा तडाखा बसला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा, एवढे मात्र पक्के.

आता थांबावयाचे केव्हा. माहितीपत्रकात आणि डॉक्टरांच्या सांगण्यात मोजमाप एकच आहे. रोग्याला नेहमी जेवढ्या वेळा संडासला जावे लागते, त्यापेक्षा दिवसाला चार किंवा जास्त वेळा अधिक जावे लागले, किंवा रात्री झोपेतून उठून जावे लागले, तर पुढची गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. "नेहमीपेक्षा" हा शब्द महत्त्वाचा आहे. आतड्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाची नेहमीची सवयच दिवसाला तीन वेळांची असू शकते. मग त्याचा आकडा सातपासून. ज्यांना पोटावर पिशवी आहे त्यांनी पिशवी किती वेळा रिकामी करावी लागते ते धरावे. म्हणून औषध सुरू होण्याआधीच्या आठवड्यात सवय काय होती, ते आधीच लिहून ठेवले पाहिजे. माती परीक्षणाशिवाय खत मोजत नाही, तसेच हे.

उलटीचे मापही असेच आहे. चोवीस तासांत एकदा झाली तर सांभाळून घेता येते. दोन किंवा जास्त वेळा झाली तर गोळी थांबवून विचारावे. मळमळीमुळे नेहमीच्या मानाने फारच थोडे अन्न जात असेल तरीही तेच. तोंडात दुखणारे फोड आले, तळहात-तळपाय इतके दुखू लागले की काम होईना, तरीही तेच. संडासात रक्त, शंभर अंश चारच्या वर ताप, पाण्याचा घोटही न टिकणे, लघवी कमी होणे, उठताना चक्कर, यांपैकी काही असेल तर फोनवर वेळ न घालवता रोग्याला जवळच्या सरकारी रुग्णालयात हलवावे, मध्यरात्र असली तरी. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. सलाईन चढविण्यासाठी परळ गाठण्याची गरज नसते. मात्र तेथील डॉक्टरांना कॅपेसिटाबिनचा कागद आधी दाखवावा, नाहीतर साधी हगवण समजून उपचार होतात.

जुलाब बांधण्याची लोपेरामाइड नावाची गोळी पुष्कळ डॉक्टर आधीच लिहून देतात. ती केव्हा सुरू करावयाची, एका वेळी किती, दिवसाला जास्तीत जास्त किती, हे पहिल्याच भेटीत कागदावर लिहून घ्यावे. ताप किंवा रक्त असताना ती आपल्या मनाने घेऊ नये. आणि ती घेतली म्हणून कॅपेसिटाबिन चालू ठेवावयास मोकळीक मिळाली असे तर अजिबात नाही. मोटार गळते आहे आणि आपण फक्त पाइपाला चिंधी बांधतो आहोत, असे होईल.

आता आमच्या उसाच्या रसाकडे येतो, कारण यात आपल्या सगळ्यांचा संबंध आहे.

पक्व उसाच्या रसाचा ब्रिक्स अठरा ते वीस. म्हणजे किलोभर रसात सुमारे १८० ते २०० ग्रॅम विरघळलेला भाग, आणि त्यात मुख्य भाग साखरेचा. जुलाबावर द्यावयाच्या ओआरएसच्या पाकिटात लिटरला ग्लुकोज असते साडेतेरा ग्रॅम. फरक पाहा! आतड्यात इतका दाट गोडवा गेला आणि अस्तर तो शोषण्याच्या स्थितीत नसले, की उलट अंगातलेच पाणी आतड्यात ओढले जाते. खारवट जमिनीत पाणी असूनही ऊस सुकतो तो याच न्यायाने. आम्ही भावोजींना दोन ग्लास तरतरी पाजली नव्हती, त्यांच्या अंगातले पाणी बाहेर काढले होते. गुळाचे दाट पाणी, बाटलीतली थंड पेये, डबाबंद फळांचे रस, सगळ्यांची हीच तऱ्हा. शिवाय रस्त्यावरच्या चरकाचा रस आणि बर्फ हा पांढऱ्या पेशी कमी असलेल्या माणसाला जंतूंच्या दृष्टीनेही नकोच.

पण साखर मोजून, मिठाबरोबर दिली तर तीच साखर जीव वाचवते. हेही आपल्या कारखान्याच्या सभासदांना माहीत असावे. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज शिरताना मिठातील सोडियमला बरोबर घेऊन शिरते, आणि त्यांच्यामागून पाणी जाते. ही वाट जुलाबातही बरीचशी उघडी राहते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून लोकांना पाजण्यास सुरुवात केली. मृत्यूंचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते ते शेकडा चारच्या खाली आले. डॉक्टरसाहेब २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. पाकीट मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचे सपाट, शीग लावून नव्हे. मीठ जास्त पडले तर धोक्याचे. घोट-घोट, दर संडासनंतर एक ग्लास. मधुमेही, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रोगी यांनी किती घ्यावे ते डॉक्टरांना विचारावे.

आणि पेज. आमच्या घाटाखाली तर नदीचेही नाव पेज! भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारे पाणी याच पेज नदीतून वाहते, आणि राजनाल्याने कर्जतच्या भाताला मिळते. त्या भाताची पेज हे आजाऱ्याचे जुने अन्न. त्यात शास्त्रही आहे. तांदळाच्या पिठूळ भागातून ग्लुकोज हळूहळू सुटते, एकदम दाटी होत नाही, म्हणून पाणी ओढून घेण्याचा दोष नाही. बांगलादेशात तांदळाच्या पिठाचे ओआरएस करून पटकीच्या रोग्यांवर त्याचा चांगला उपयोग झालेला आहे. मूठभर तांदूळ सव्वा लिटर पाण्यात अगदी गळेपर्यंत शिजवावा, घोटावा, बेताचे मीठ घालावे, पिता येईल इतकी पातळ ठेवावी. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचा कर्जत-३ असो की कर्जत-७, घरात असेल तो तांदूळ चालतो. सकाळची पेज रात्री देऊ नये, उन्हाळ्यात ती लवकर बिघडते. ताईने पुढच्या फेऱ्यांत हेच केले. वर मऊ भात, केळे, मुगाचे पातळ वरण, उकडलेला बटाटा. तेलकट, तिखट, चोथ्याचे, कच्चे काही नाही. दूध मात्र काही दिवस बंद ठेवावे लागले, कारण अस्तर झडले की दुधातील साखर पचविणारा रसही कमी होतो आणि पोट फुगते. घरच्या माणसांना हे पटविणे सर्वांत अवघड गेले. अशक्त माणसाला दूध नाही म्हणजे काय!

शक्तीच्या गोळ्यांबद्दल एक इशारा देतो. फॉलिक ॲसिड असलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या, टॉनिके या औषधाचा तडाखा वाढवितात. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन आणि फिटवरचे फेनिटोइन यांच्याशीही या औषधाचा झगडा आहे. तेव्हा घरात जे जे औषध, काढा, चूर्ण चालू असेल ते सगळे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओतावे. लाजू नये.

ज्यांना गोळीबरोबर किंवा गोळीऐवजी शिरेतून औषधे मिळतात, त्यांना उलट्यांचा त्रास जास्त असतो. त्यावर आता औषधे पुष्कळ सुधारली आहेत. ओलान्झापिन नावाची गोळी त्यासाठी देतात, पण नेहमीच्या दहा मिलिग्रॅमने रोगी दिवसभर पेंगतो. टाटा मेमोरियलमध्ये २०२१ ते २०२३ या काळात तीव्र उलट्या आणणारी औषधे घेणाऱ्या २७५ रोग्यांवर अभ्यास झाला. अडीच मिलिग्रॅमनेही उलट्या जवळजवळ तेवढ्याच रोखल्या जातात आणि पेंग पुष्कळ कमी येते, असे त्यात दिसले. २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. झोप फार येते म्हणून उलटीची गोळी गुपचूप टाकून देणारे रोगी आम्ही पाहिले आहेत. त्यापेक्षा डॉक्टरांना सांगावे, मात्रा बदलता येते. उलटीच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठही होते, तेही सांगावे.

प्रवासाचे थोडे. कर्जत किंवा खोपोलीहून परळला लोकलने जावयाचे म्हणजे दोन-अडीच तास, आणि लोकलमध्ये संडास नाही. पोट बिघडलेल्या माणसाला ही खरी भीती असते. काही लोक या भीतीनेच तपासणीची तारीख चुकवितात. निघण्याआधी दोन तास जड खाऊ नये, बरोबर कपड्यांचा जोड, पाण्याची बाटली आणि जाड कापड ठेवावे. अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या रोग्याला बसता येते, रुग्णालयाचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. जुलाब जोरात असतील त्या दिवशी मात्र लोकलचा विचारच करू नये. आधी फोन करावा.

आता भावोजी का लपवीत होते, ते सांगावयाचे राहिले. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी जरा बरे वाटल्यावर ते आमच्याजवळ बोलले. "डॉक्टरला कळलं असतं तर गोळी बंद केली असती. मग गाठ परत आली असती. जुलाबानं माणूस मरत नाही, गाठीनं मरतो." सरळ हिशेब होता त्यांचा. आणि दुसरे कारण त्यांनी मान खाली घालून सांगितले. सुनेसमोर रात्री चार वेळा डबा घेऊन उठायचे, याची लाज वाटत होती.

पहिल्या हिशेबाचे उत्तर आम्ही त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडून मागितले. ते म्हणाले, राहून गेलेल्या गोळ्या भरून काढावयाच्या नसतात, दुप्पटही घ्यावयाच्या नसतात. पोट ठीक झाले की पुन्हा सुरू करावयाचे, लागले तर मात्रा कमी करून. मात्रा ही माणूस पाहूनच बसवावी लागते आणि पुष्कळ रोग्यांची ती कमी करावी लागते, तेही उपचारातच मोडते. चार दिवस गोळी थांबवून फोन केला असता तर एवढे दिवस दवाखान्यात गेले नसते आणि पुढची फेरीही लांबली नसती. भावोजींची मात्रा कमी केली. उरलेल्या सहा फेऱ्या पूर्ण झाल्या. त्यात दोनदा पोट बिघडले, दोन्ही वेळा ताईने त्याच दिवशी फोन केला.

दुसऱ्या कारणाला डॉक्टरांकडे औषध नव्हते. ते घरीच झाले. भावोजींची खाट मागील पडवीत, संडासाजवळ हलविली. आणि खिळ्याला एक वही टांगून पेन्सील बांधली. कोणी विचारावयाचे नाही, त्यांनी तोंडाने सांगावयाचे नाही. जाऊन आले की एक रेघ ओढावयाची. रोज रात्री ताई रेघा मोजी. हाच उपाय आम्हांला सगळ्यांत जास्त भावला, आणि तो आमच्या भाच्याने, दहावीतल्या पोराने, सुचविलेला आहे.

वहीचे पान आम्ही जरा व्यवस्थित आखून छापून घेतले आहे. वरच्या बाजूला औषधाआधीची नेहमीची सवय, डॉक्टरांचा आणि जवळच्या रुग्णालयाचा फोन नंबर. खाली एकवीस ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, गोळी घेतली की नाही सकाळ-संध्याकाळ, दिवसाच्या रेघा, रात्रीच्या रेघा, उलट्या, ताप, पाणी व पेज किती ग्लास. ज्यांच्या घरी गरज आहे त्यांनी गट ऑफिसातून किंवा आपल्या चिटबॉयकडून मागून न्यावे. कोणासाठी, हे सांगण्याची आवश्यकता नाही. गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने त्या हाताळू नयेत, हेही पानाच्या तळाशी छापले आहे.

आडसाली लागणीच्या खतमात्रेचे टिपण पुढील अंकी येईल. ज्यांची लागण त्याआधी आहे, त्यांनी मात्रेचा तक्ता गट ओव्हरसियरकडे पाहावा.